खालचा मजला मजला का नाही? स्टिल्टमधल्या खोलीचा इतिहास

आजचा भाग घरांबद्दल आहे, म्हणजे घरांच्या पायाशी असलेल्या जागेबद्दल.

नागपुरात अपार्टमेंटला अपार्टमेंट म्हणणारे कमीच. आपण म्हणतो ‘स्कीम’. कुठे राहता, तर अमुक चौकातल्या स्कीममध्ये. ले-आऊटमधला एक प्लॉट, त्यावरचं जुनं घर पाडायचं, खांब उभे करायचे, वर तीन-चार माळे चढवायचे, खाली गाड्या लावायच्या. झाली स्कीम. आणि बहुतेक स्कीममध्ये त्या गाड्यांच्या जागेच्या एका कोपऱ्यात एक खोली असते. विटांच्या भिंती, दार, एक खिडकी, खाली टाइल्स, वर पंखा. कुठे त्यात चौकीदार बायको-मुलांसह राहतो, कुठे शिकवणी चालते, कुठे किराणा, कुठे बिल्डरचं जुनं ऑफिस कुलूप लावून पडलेलं.

ही खोली काय आहे? मजला आहे का? फ्लॅट आहे का? पार्किंग आहे का? आणि मुख्य म्हणजे, इमारतीची किंमत काढायची वेळ आली की तिला कशात धरायचं?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. मी सॉफ्टवेअरवाला. घरकर्जासाठी मूल्यांकनाचे अहवाल भरून घेणाऱ्या एका अ‍ॅपवर काही महिने काम करत होतो. फॉर्ममध्ये मजल्याचा ड्रॉपडाउन होता: बेसमेंट, ग्राउंड, पहिला, दुसरा, असा. एका व्हॅल्युअर काकांचा फोन आला. “अहो भाऊ, स्टिल्टमधली खोली तुमच्या यादीत कुठे टाकू? ग्राउंड टाकलं तर बँक म्हणते मंजूर नकाशात ग्राउंड फ्लोअरच नाही. पार्किंग टाकलं तर माणूस राहतोय आत.” मी म्हटलं, सध्या ‘इतर’ टाका. ते म्हणाले, “इतरला रेट काय लावू?”

त्या ‘इतर’च्या मागे लागलो, तर मागे बराच मोठा इतिहास निघाला.

सुरुवात जुन्या शहरापासून करू. महाल, इतवारी इकडची जुनी घरं डोळ्यासमोर आणा. इतवारीत खाली दुकान, वर बिऱ्हाड. महालातल्या वाड्यांत खाली ओसरी, चौक, कोठी. सगळा व्यवहार, सगळा पाहुणा खालीच. किमतीच्या भाषेत बोलायचं तर तळमजला हा घराचा सगळ्यात महाग भाग, कारण रस्त्याला तोंड त्याचं. वरच्या माडीला तेवढा मान नव्हता.

इंग्रजी अमदानीत नगरपालिका आली, नागपूरची १८६४ साली. पालिकेला घरपट्टी लावायची होती. घरपट्टीवाल्याचा प्रश्न साधा होता: ही जागा भाड्याने दिली तर वर्षाला किती येतील? यालाच वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. ही पद्धत पुढे १९४८ च्या नागपूर कॉर्पोरेशन कायद्यातही आली आणि १९५१ साली महापालिका सुरू झाल्यावर तीच चालू राहिली. या पद्धतीत खोली जमिनीच्या वर आहे की खाली, भिंती तीन की चार, याने फारसं बिघडत नाही. भाडं येऊ शकतं ना? मग धरा. इतवारीतल्या दुकानाला धरलं, वाड्याच्या मागच्या खोलीला धरलं. तळमजला तेव्हा पूर्णपणे मोजला जात होता.

दरम्यान १९३६ चा कायदा आला आणि नागपूर सुधार प्रन्यास, म्हणजे आपली एनआयटी, जन्माला आली. ले-आऊट पडले, लीजवर प्लॉट गेले. या प्लॉटांवर जी घरं बांधली गेली त्यांचा तळमजला म्हणजे जोत्यावरचं घर. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून जोतं चांगलं उंच घ्यायचे. पुढे व्हरांडा, बाजूला पोर्च. घर म्हणजेच तळमजला. वरचा मजला पोराच्या लग्नाच्या वेळी.

मग घर जमिनीवरून उचललं कोणी?

वास्तुकलेच्या पुस्तकांत उत्तर ल कॉर्ब्युझिए. १९२० च्या दशकात त्याने नव्या वास्तुकलेचे पाच मुद्दे मांडले, त्यातला पहिलाच हा: इमारत खांबांवर उचला, खालची जमीन मोकळी सोडा. पॅरिसजवळचं व्हिला साव्हॉय तसं आहे, मार्सेयची वसाहत तशी आहे. त्याची कल्पना अशी की खाली बाग असेल, हवा खेळेल, लोक फिरतील. आपल्याकडे खाली स्प्लेंडर आणि अल्टो आल्या ती गोष्ट वेगळी.

पण खरं सांगू का, आपल्याकडे स्टिल्ट पसरण्याचं कारण कॉर्ब्युझिए नाही. कारण एफएसआय आहे. मुंबईत १९६४ च्या सुमारास चटई क्षेत्र निर्देशांक आला. म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधायचं त्याला मर्यादा. मर्यादा आली की लगेच दुसरा प्रश्न येतो: त्या मर्यादेत काय मोजायचं आणि काय नाही? गाड्या रस्त्यावर लागू नयेत म्हणून नियमांनी एक सवलत दिली, की खांबांमधली फक्त पार्किंगसाठीची जागा एफएसआयमध्ये मोजणार नाही. हाच ढाचा हळूहळू राज्यातल्या इतर शहरांच्या नियमांत आला.

एवढ्या एका सवलतीने तळमजल्याचं सगळं नशीब फिरलं. इतवारीत जो सगळ्यात महाग होता, तो स्कीममध्ये ‘न मोजलेला’ झाला. बिल्डरने खाली फ्लॅट काढला तर एफएसआय खर्च होणार. पार्किंग काढली तर फुकट, आणि तोच एफएसआय वर वापरता येणार. शहाणा माणूस काय करेल? इमारत उचलेल. म्हणूनच पहिला माळा हा आपल्याकडे बऱ्याच स्कीमचा पहिला राहता माळा असतो.

मोजमापाच्या भारतीय मानकातही याची नोंद सापडते. आयएस ३८६१ हे इमारतींचं क्षेत्रफळ कसं मोजायचं ते सांगणारं मानक, पहिल्यांदा १९६६ साली आलं, नंतर सुधारत गेलं. त्यात जोत्याचं क्षेत्रफळ वेगवेगळ्या वर्गांत मोजायला सांगितलंय. बेसमेंट वेगळं, नेहमीचे मजले वेगळे, पोटमाळा वेगळा, आणि एक वर्ग म्हणजे भिंतींचं आवरण नसलेला मजला, कंसात स्टिल्ट. मला हे वर्गीकरण फार आवडलं, कारण इथे तरी कोणी त्याला सरळ मजला म्हटलं. आवरण नसलेला, पण मजला.

आता कायद्याकडे येऊ, कारण खरी गंमत आणि खरा पैसा तिथे आहे.

फ्लॅट विकणाऱ्यांच्या फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या म्हणून सरकारने १९६० साली एक समिती नेमली आणि त्यातून १९६३ चा मोफा कायदा आला. त्यात ‘फ्लॅट’ची व्याख्या आहे: राहण्यासाठी, दुकान, ऑफिस, गोदाम वगैरेंसाठी वापरायची स्वतंत्र, स्वयंपूर्ण जागा, आणि पुढे जोडलेले शब्द, ‘गॅरेजसह’. हे शब्द लक्षात ठेवा, यांवरच पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं.

दुसरा कायदा १९७० चा, महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा. मुंबई-पुण्याच्या लोकांना सोसायटी माहीत असते, आपल्या नागपूरच्या स्कीम मात्र जास्त करून या कायद्याखाली. यात सोसायटी नसते, ‘डीड ऑफ डिक्लरेशन’ असतं. बिल्डर किंवा मूळ मालक एक घोषणापत्र नोंदवतो: इमारतीत इतकी अपार्टमेंट, सामाईक जागा या या, आणि प्रत्येक अपार्टमेंटचा सामाईक जागेत टक्का इतका.

या कायद्यात सामाईक जागांची यादी आहे. तिच्यात बेसमेंट, अंगण, बाग, पार्किंगची जागा, साठवणाची जागा हे आहे. आणि पुढचीच नोंद आहे, इमारतीच्या देखभालीसाठी ठेवलेल्या माणसांना राहण्याची जागा. म्हणजे आपल्या चौकीदाराची खोली. १९७० च्या कायद्याने तिला नाव दिलं होतं, घर दिलं होतं, आणि सगळ्यांच्या मालकीची म्हटलं होतं. पण यादीच्या आधी एक छोटीशी अट आहे: घोषणापत्रात वेगळं काही म्हटलं नसेल तर. अर्धं नागपूर त्या अटीत राहतं म्हणा ना.

बरं, टक्का कसा ठरतो? इथे मूल्यांकन येतं. कायदा म्हणतो, अपार्टमेंटची किंमत भागिले पूर्ण मालमत्तेची किंमत. क्षेत्रफळाने नाही, किमतीने. आणि एकदा टक्का लिहिला की तो कायमचा. बदलायचा तर सगळ्या मालकांची संमती घेऊन दुरुस्त घोषणापत्र नोंदवायचं. मेंटेनन्स त्या टक्क्याने, उत्पन्नात वाटा त्या टक्क्याने, मतदानाचं बहुमतही घोषणापत्रात लिहिलेल्या टक्क्यांनीच. म्हणजे ज्या दिवशी खालच्या खोलीला ‘सामाईक’ म्हटलं की ‘अपार्टमेंट’ म्हटलं, त्या दिवशी पुढच्या पन्नास वर्षांचा हिशेब ठरून गेला.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, सोपे पडावेत म्हणून धरलेले. आठ सारखे फ्लॅट, प्रत्येकी ४० लाखांचे. एकूण ३ कोटी २० लाख. प्रत्येकाचा टक्का साडेबारा. आता खालची १२ चौरस मीटरची खोली घोषणापत्रात नववं अपार्टमेंट म्हणून, १० लाखांची दाखवली. एकूण झाले ३ कोटी ३० लाख. आता प्रत्येक फ्लॅटचा टक्का १२.१२ आणि खोलीचा ३.०३. फरक किरकोळ वाटतो ना? पण तीस वर्षांनी स्कीम पाडायला निघाली आणि जमीन ४ कोटींची झाली, तर त्या खोलीच्या मालकाचा जमिनीतला वाटा १२ लाख १२ हजारांच्या आसपास येतो. भिंती पडल्या, टाइल्स फुटल्या, पंखा भंगारात गेला, तरी वाटा राहिला. खोलीची किंमत खोलीत नव्हतीच, कागदात होती.

आता मोफातल्या ‘गॅरेजसह’कडे परत. मुंबईत दहिसर पूर्वेला पंचाली नावाची सोसायटी. इमारतीच्या स्टिल्टमध्ये २५ पार्किंगच्या जागा. बिल्डर नहालचंद लालूचंद कंपनीचं म्हणणं होतं की फ्लॅट विकले, पण या जागा आमच्याच, आम्ही त्या वेगळ्या विकू शकतो, कारण कायद्यात फ्लॅटमध्ये गॅरेज येतं आणि स्टिल्टची पार्किंग म्हणजे गॅरेजच. सोसायटी म्हणाली, छे, ही सामाईक जागा. कंपनी दिवाणी न्यायालयात हरली, हायकोर्टात हरली, आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सुप्रीम कोर्टातही हरली. न्यायमूर्ती आर. एम. लोढा आणि ए. के. पटनाईक यांचा निकाल.

या निकालातला युक्तिवाद कोर्टाचा असला तरी कोणालाही समजेल असा आहे. फ्लॅट घेणारा साधा माणूस गॅरेज म्हटल्यावर काय डोळ्यासमोर आणतो? वर छप्पर, तीन बाजूंना भिंती. खांबांमधली उघडी जागा गॅरेज नाही. गॅरेज नाही म्हणून फ्लॅटचा भागही नाही. शिवाय खरंखुरं गॅरेज असलं तरी ते फ्लॅटच्या जोडीला येतं, एकटं गॅरेज म्हणजे फ्लॅट नव्हे. मग स्टिल्ट उरली सामाईक, आणि सामाईक जागा बिल्डरला विकता येत नाही.

निकाल आला तेव्हा वर्तमानपत्रांत ‘पार्किंग विकता येणार नाही’ असे मथळे आले. बऱ्याच लोकांना वाटलं, प्रश्न मिटला.

मिटला नाही. २०१६ साली केंद्राचा रेरा कायदा आला. त्यात गॅरेजची व्याख्या जवळजवळ निकालातूनच उचलल्यासारखी आहे: छप्पर, तीन बाजूंना भिंती, उघडी पार्किंग त्यात नाही. सामाईक जागांच्या यादीत ‘उघड्या’ पार्किंगच्या जागा आहेत, आणि पहारेकऱ्यांच्या राहण्याची जागाही आहे. पण गॅरेज एका टोकाला आणि उघडी पार्किंग दुसऱ्या टोकाला ठेवल्यावर मधली स्टिल्ट कुठे गेली? वर छप्पर आहे, म्हणजे उघडी नाही. भिंती नाहीत, म्हणजे गॅरेज नाही. महाराष्ट्राने २०१७ च्या आपल्या नियमांत या मधल्या जागेला नवं नाव दिलं, ‘कव्हर्ड पार्किंग’: बेसमेंट, स्टिल्ट, पोडियम, यांत्रिक पार्किंग यांतली मंजूर जागा. आणि महारेराच्या जुलै २०२१ च्या परिपत्रकाने स्पष्ट केलं की उघडी पार्किंग पैसे घेऊन देता येणार नाही, पण गॅरेज आणि कव्हर्ड पार्किंग देता येईल.

थांबून बघा काय झालं ते. खांब तेच, जागा तीच, गाडी तीच. २०१० मध्ये ती सामाईक. २०१७ नंतरच्या नव्या प्रकल्पात ती विकाऊ. माझं मत विचाराल तर मला २०१० चा निकाल जास्त पटतो, कारण एफएसआयमध्ये ही जागा मोजली नाही ती लोकांच्या सोयीसाठी, आणि सोयीची सवलत घेऊन पुन्हा सोय विकायची हे जरा जास्तच. पण व्यवहाराच्या बाजूने बोलणारेही चूक नाहीत. किंमत उघड लिहून विकली तर निदान पावती मिळते, नाहीतर आधीही लोक पैसे देतच होते, फक्त पावती नव्हती.

आता भिंती मोजा. राज्याची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली, ती नागपूरलाही लागू आहे. तिच्यात स्टिल्टची व्याख्या आहे: खांबांवरची जागा, किमान दोन बाजू उघड्या, बंदिस्त काही नाही, वापर पार्किंगचा. म्हणजे किमान दोन बाजू उघड्या असल्या की स्टिल्ट. तीन भिंती आणि छप्पर असलं की गॅरेज. आणि चार भिंती, दार, खिडकी, टाइल्स, पंखा असलेली आपली खोली? ती स्टिल्ट राहिली नाही, गॅरेज झाली नाही. राहण्याची खोली म्हणावी तर उंची आडवी येते, कारण राहत्या खोलीला नियम २.७५ मीटर मागतो आणि जुन्या स्कीमच्या स्टिल्टमध्ये बीमखाली तेवढी उंची बहुधा नसते. एकदा आतून सजवलं की ती प्रत्येक व्याख्येतून बाहेर पडते. आणि वर, ज्या जागेला एफएसआयमधून सूट मिळाली होती ती बंद केली म्हणून सूटही धोक्यात. म्हणजे जितकी चांगली सजवाल तितकी कागदावर ती वाईट. व्हॅल्युअर काकांची अडचण हीच होती.

इथे पैशाचा हिशेब किती हलतो तो बघू. मुद्रांक शुल्कासाठी सरकारचे वार्षिक मूल्यदर तक्ते असतात, ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो. त्यात जमीन, निवासी, कार्यालय, दुकान, औद्योगिक असे वेगळे रकाने असतात आणि कव्हर्ड पार्किंगला साधारण निवासी दराच्या २५ टक्के धरतात. समजा निवासी दर चौरस मीटरला ५०,००० आणि दुकानाचा ८०,०००. पुन्हा सांगतो, हे दर मी धरलेले. आपली १२ चौरस मीटरची खोली निवासी धरली तर ६ लाख. पार्किंग धरली तर दीड लाख. दुकान धरलं तर ९ लाख ६० हजार. सामाईक धरली तर वेगळी किंमत शून्य, ती आधीच सगळ्या फ्लॅटांच्या किमतीत वाटली गेली. एक खोली, चार उत्तरं. आणि चारही उत्तरं कोणी ना कोणी कुठल्या ना कुठल्या कागदावर दिलेली असतात: घरपट्टीच्या पावतीवर दुकान, मंजूर नकाशात पार्किंग, घोषणापत्रात सामाईक, आणि विक्रीच्या शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘रूम’.

मला वाटायचं ही गडबड आपलीच. पण त्याच कामात अमेरिकेतल्या मूल्यांकनाचे नियम वाचावे लागले आणि जरा बरं वाटलं. तिथे प्रश्न भिंतींचा नाही, मातीचा आहे. एकाच कुटुंबाच्या घराचं क्षेत्रफळ मोजायला एक मानक आहे, एएनएसआय झेड ७६५, पहिल्यांदा १९९६ साली आलं. फॅनी मे या गृहकर्ज संस्थेने ते एप्रिल २०२२ पासून सक्तीचं केलं. त्याचा नियम कडक: मजल्याचा थोडा जरी भाग जमिनीच्या पातळीखाली असेल तर तो सगळा मजला खालचा, मुख्य क्षेत्रफळात नाही. उतारावरचं घर असेल, मागच्या बाजूने सरळ अंगणात दार उघडत असेल, आत सुंदर बैठक केलेली असेल, तरी बेसमेंट. त्याची किंमत वेगळ्या ओळीत.

पण दोन ते चार कुटुंबांच्या इमारतीला हाच नियम लागत नाही! तिथे इमारतीचं एकूण सजवलेलं क्षेत्रफळ बाहेरून मोजतात, आणि त्यात जमिनीखालचा राहता भागही धरतात, आतले सामाईक जिने, मार्गिकाही धरतात. का? कारण तशी इमारत घेणारा बहुतेक भाड्याचा विचार करतो, आणि भाडं खालच्या खोलीचंही येतं. म्हणजे फिरून आपली १८६४ ची घरपट्टी. फक्त एक अट: जी पद्धत या इमारतीला लावली तीच तुलनेच्या इमारतींना लावा. आपल्याकडे नेमकं हेच होत नाही. एका स्कीमचा व्यवहार खोली धरून झालेला, शेजारच्या स्कीमचा खोली सोडून, आणि दोघांचा दर चौरस फुटात काढून एकमेकांशी ताडून बघायचा.

जाता जाता दोन गोष्टी, ज्या कुठल्याच तक्त्यात नाहीत पण किमतीत असायला हव्यात.

एक भूकंप. २२ मे १९९७ ला जबलपूरला भूकंप झाला, आपल्यापासून काही फार लांब नाही. तिथे खालचा मजला उघडा असलेल्या इमारतींना जास्त मार बसला. एकाच वसतिगृहाच्या दोन इमारतींपैकी खाली मोकळी असलेली खराब झाली, भरलेली वाचली, असं अभ्यासकांनी नोंदवलंय. २००१ मध्ये भूजच्या भूकंपात अहमदाबादेत तेच दिसलं, आणि पुढच्या वर्षीच्या मानकात अशा मोकळ्या मजल्यांच्या खांबांसाठी कडक तरतूद आली. नागपूर भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे हे खरं. तरी एका कोपऱ्यात विटा भरून बाकी उघडं ठेवलं की इमारत एका बाजूला ताठ होते, दुसऱ्या बाजूला मऊ, हे इंजिनिअरला न विचारताच केलेलं असतं.

दुसरी, पाणी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आऊट, डागा ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. माणसं गेली. स्टिल्टवाल्या स्कीममध्ये गाड्या बुडाल्या, वरचे लोक खिडकीतून बघत होते. ज्या घरांचा तळमजला राहता होता त्यांचं सगळं घर बुडालं. आणि स्टिल्टमधल्या खोल्यांत जे झोपलेले होते ते? चौकीदार, इस्त्रीवाला, त्यांची बिऱ्हाडं. मंजूर नकाशाप्रमाणे तिथे कोणी राहतच नव्हतं. पंचनामा घराचा होतो, आणि त्यांचं घर कागदावर पार्किंग. त्यांच्या भिजलेल्या संसाराची नोंद घराचं नुकसान म्हणून करायची की नाही, हा प्रश्नसुद्धा वर्गीकरणाचाच.

आता हे सगळं आज का काढलं? कारण ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या स्कीम आता पुनर्विकासाला निघाल्यात. धरमपेठ, रामदासपेठ, बजाजनगर, कुठेही जा, फलक दिसतात. बैठकीत सगळं ठीक चालतं, कार्पेट किती वाढवून मिळणार, भाडं किती, आणि मग कोणीतरी शेवटच्या रांगेतून विचारतं, “खालच्या खोलीचं काय?” ज्याच्या ताब्यात खोली आहे तो म्हणतो मला नवीन दुकान द्या. बाकीचे म्हणतात ती सगळ्यांची. चौकीदाराला कोणी बैठकीला बोलावलेलं नसतं.

अशा वेळी खोली किती छान आहे यावर भांडू नका, वेळ जातो. आधी घोषणापत्र काढा, त्यात ती अपार्टमेंट म्हणून आहे का आणि टक्का दिलाय का ते बघा. टक्का असेल तर तिचा मालक आहे, आवडो न आवडो. नसेल तर मंजूर नकाशा, मग भोगवटा प्रमाणपत्र. घरपट्टीची पावती सगळ्यात शेवटी, कारण ती मालकी सांगत नाही, फक्त कोणाकडून पैसे घेतले ते सांगते. नव्या प्रकल्पात तरी एक गोष्ट बरी झाली: महारेराने एप्रिल २०२४ मध्ये पार्किंगचं परिशिष्ट सक्तीचं केलं, त्यात जागेची लांबी, रुंदी, उंची आणि नेमकं ठिकाण लिहावं लागतं. न मोजलेली जागा निदान मोजून तरी लिहिली जातेय. तुमच्या जुन्या स्कीमच्या घोषणापत्रात खालच्या जागेबद्दल काय लिहिलंय ते मला नक्की कळवा, विशेषतः चौकीदाराच्या खोलीचा उल्लेख सापडला तर.

पुढच्या भागात इमारतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गच्ची कोणाची?